विश्लेषण : साडेतीन सीसीचे नायट्रो इंजिन कसे निवडावे, कसे जुळवावे?

रिमोटवर धावणारी, मातीत उड्या मारणारी नायट्रो मोटार घेण्याचे अनेक तरुणांचे स्वप्न असते. पैसे साठवून गाडी आणली जाते आणि पहिल्याच महिन्यात इंजिन 'बसते'. दोष बहुतेक वेळा इंजिन बनवणाऱ्याचा नसतो. चुकीची निवड, घाईने केलेले रनिंग-इन आणि वेगाच्या मोहात थोडी जास्त फिरवलेली सुई ही त्यामागची नेहमीची कारणे असतात. हे इंजिन चालते कसे, ते निवडताना काय पाहावे आणि ठाण्याच्या दमट हवेत ते जुळवावे कसे, याविषयी…

नायट्रो इंजिन म्हणजे काय?

खोपटच्या एसटी आगारातून सुटणाऱ्या बसचे इंजिन काही हजार सीसीचे असते आणि ते मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांपर्यंत फिरते. एक अष्टमांश आकाराच्या ऑफ-रोड बग्गीचे इंजिन अवघे साडेतीन सीसीचे, म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल त्याहून कमी आकारमानाचे. पण ते मिनिटाला तीस ते चाळीस हजार फेऱ्या घेते. ३५ हजार फेऱ्यांचा हिशेब केला तर सिलिंडरमध्ये सेकंदाला सुमारे ५८० वेळा इंधन पेटते. शंभर सीसीची दुचाकी साधारण आठ अश्वशक्ती देते, तर हे साडेतीन सीसीचे इंजिन दोन अश्वशक्तीच्या आसपास पोहोचते.

हे इंजिन टू-स्ट्रोक असते. जुन्या स्कूटर आणि एकेकाळच्या रिक्षा ज्यांनी चालवल्या, त्यांना त्याचे तत्त्व वेगळे सांगायला नको. व्हॉल्व्ह नाहीत, स्वतंत्र ऑइल पंप नाही. इंधनात मिसळलेले तेलच वंगणाचे काम करते. फरक इतकाच, की इथे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगही नसतो. त्याच्या जागी ग्लो प्लग असतो. त्यातील प्लॅटिनमयुक्त तारेची गुंडाळी सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने लाल केली जाते. एकदा इंजिन सुरू झाले की सेल काढून घेतात. मेथनॉलची वाफ प्लॅटिनमच्या संपर्कात आली की रासायनिक क्रियेने उष्णता निर्माण होते आणि तार आपोआप तापलेली राहते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये असा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल इंजिनांवरचे कॉइल-बॅटरीचे ओझे उतरले.

इंधनात पेट्रोल का नसते?

नायट्रो इंधनात तीन घटक असतात : मेथनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. मेथनॉलला साधारण ६.४ किलो पुरते, तर नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला बाहेरून कमी हवा लागते. म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढीच हवा असताना कितीतरी जास्त इंधन जाळता येते. त्यातून ताकद मिळते.

बग्गीसाठीच्या इंधनात नायट्रोमिथेनचे प्रमाण साधारण १६ ते ३० टक्के असते. युरोपीय महासंघाने स्फोटकांच्या कच्च्या मालावरील नियम कडक केले. त्यानुसार २०२१पासून तिथे सर्वसामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले इंधन परवान्याशिवाय मिळत नाही. तरीही तिथल्या स्पर्धा थांबल्या नाहीत. जास्त टक्केवारी म्हणजेच जास्त यश, हा समज त्यामुळे बराचसा मागे पडला. नवशिक्याने १६ ते २५ टक्क्यांचे इंधन निवडून त्यावरच कायम राहावे. दरवेळी वेगळी बाटली आणली तर जुळवणी दरवेळी पहिल्यापासून करावी लागते.

तिसरा घटक तेल. त्यात कृत्रिम तेलाबरोबर बहुतेक वेळा एरंडेल असते. घरोघरी माहीत असलेले हे एरंडेल जगात सर्वाधिक भारतात, त्यातही गुजरातमध्ये पिकते. कृत्रिम तेल ज्या तापमानाला हार मानते, तिथेही एरंडेलाचा थर धातूला धरून राहतो. तेलाचे प्रमाण कमी असलेले 'रेसिंग' इंधन नवख्याने पहिल्या वर्षी टाळलेलेच बरे.

ठाण्यात याची आठवण कशाला?

कारण हा छंद वाटतो तितका परका नाही. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवले जाते. दोरीवर गोल फिरणाऱ्या विमानाचे छोटे इंजिन हाताने पंखा फिरवून सुरू करणारे अनेक कॅडेट ठाणे-डोंबिवलीतही सापडतील. पवईला आयआयटी मुंबईच्या 'टेकफेस्ट'मध्ये 'फुल थ्रॉटल' या नावाने इंधनावरच्या रिमोट मोटारींची शर्यत होत असे. अभियांत्रिकी आणि पदविका महाविद्यालयांतील मुलांना या इंजिनाची पहिली ओळख अशाच स्पर्धांतून झाली. एकेकाची ऐपत नसली की चार-पाच जण मिळून वर्गणी काढतात आणि एक इंजिन आणतात. ते इंजिन बसले तर सगळ्यांचेच पैसे जातात. चांगले रेसिंग इंजिन परदेशातून मागवताना आयातशुल्कासह काही दहा हजार रुपये सहज लागतात, आणि पिस्टन-स्लीव्ह-कनेक्टिंग रॉडचा नवा संच म्हणजे त्या किमतीचा मोठा वाटा. म्हणून इंजिन कसे टिकवायचे हा प्रश्न वेगाच्या प्रश्नाआधी येतो.

इंजिन निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट आकार. इंजिनावर लिहिलेले .१२, .१५, .१८, .२१ हे आकडे घनइंचांचे असतात. .१२ म्हणजे साधारण दोन सीसी, .१८ म्हणजे तीन आणि .२१ म्हणजे साडेतीन. लहान, एक दशांश आकाराच्या गाड्यांना .१२ ते .१८ पुरते. एक अष्टमांश बग्गीच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत साडेतीन सीसी ही कमाल मर्यादा आहे. बाजारात .२५ आणि .२८चीही इंजिने मिळतात. ती मैदानात मजेसाठी ठीक, पण शर्यतीच्या या गटात चालत नाहीत. पुढे कधी स्पर्धेत उतरायचे असेल तर आधीच .२१ घ्यावे.

दुसरी गोष्ट पोर्ट. स्लीव्हमध्ये इंधन-हवेचे मिश्रण वर जाण्यासाठी कापलेल्या या खिडक्या. तीन, पाच किंवा सात पोर्टची इंजिने असतात. सर्वसाधारणपणे पोर्ट वाढले की वरच्या फेऱ्यांत ताकद वाढते आणि इंधनही जास्त जाते. कमी पोर्टचे इंजिन खालून सरळ खेचते, इंधन जपून वापरते आणि हाताळायला सोपे जाते. मातीचा ट्रॅक म्हणजे दर दहा-पंधरा मीटरला वळण किंवा उडी. तिथे सरळ रस्त्यावरचा कमाल वेग क्वचितच वापरता येतो. वळणातून बाहेर पडताना मिळणारा खेच कामाला येतो. म्हणून ऑफ-रोडसाठी तीन किंवा पाच पोर्टचे इंजिन शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट इंधनाचा हिशेब. या गटात टाकी १२५ सीसीची असते. ती नऊ मिनिटे पुरली तर एका तासाच्या अंतिम शर्यतीत सहा वेळा पिटमध्ये थांबावे लागते. सातच मिनिटे पुरली तर आठ वेळा. प्रत्येक थांब्यात काही सेकंद जातात आणि चुकीची शक्यता वाढते. इंजिनाच्या डब्यावर छापलेली अश्वशक्ती सगळे वाचतात. एका टाकीत ते किती मिनिटे चालते, हे फारसे कुणी विचारत नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसणारी बारीक नळी, म्हणजे इन्सर्ट, लहान लावली की इंधन वाचते आणि गाडीही सौम्य होते. शिकताना लहान इन्सर्टनेच सुरुवात करावी.

चौथी गोष्ट सुटे भाग. जपानमधील ओसाकाची ओ. एस. ही १९३६ साली शिगेओ ओगावा यांनी सुरू केलेली कंपनी या क्षेत्रात सर्वात जुन्यांपैकी एक. इटलीतील नोव्हारोसी, पिको, रेड्स ही नावेही शौकिनांत घेतली जातात. नाव कोणतेही असो. त्या इंजिनाचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, कार्ब्युरेटरच्या ओ-रिंग आणि ग्लो प्लग भारतात मिळतात का, हे आधी विचारावे. जुने इंजिन घेत असाल तर ग्लो प्लग लावून थंड अवस्थेत फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. पिस्टन अगदी वर पोहोचताना घट्ट अडकल्यासारखा वाटला पाहिजे. सहज फिरला तर पिस्टन-स्लीव्ह झिजलेले आहेत, असे समजावे.

नव्या इंजिनाला रनिंग-इन का हवे?

हा घट्टपणा जाणूनबुजून ठेवलेला असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तर स्लीव्ह पितळेचा आणि आतून क्रोमचा मुलामा दिलेला असतो. पिस्टनला रिंग नसते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. इंजिन तापले की वरचा भाग जास्त प्रसरण पावतो आणि तेव्हाच पिस्टनला नेमकी जागा मिळते. थंड इंजिन जोर लावून सुरू केले तर पिस्टन निमुळत्या भागात घासतो आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो.

म्हणून सुरू करण्याआधी हेड ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावे. घरातला हेअर ड्रायरही चालतो. पहिल्या दोन-चार टाक्या मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त ठेवून चालवाव्यात. मात्र इंजिन इतके थंड राहू नये की घट्टपणा सुटतच नाही. तापमान ९०-१००च्या आसपास येऊ द्यावे. टाकी संपली की पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग पुढची. तापणे-थंड होणे या चक्रातून धातू एकमेकांना जुळतात.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावावी. इंजिन बंद केल्यावर गरम असतानाच फ्लायव्हील फिरवून पिस्टन सर्वात खाली आणून ठेवावा. वर राहिला तर थंड होताना स्लीव्ह आवळतो, पिस्टन चिमटला जातो आणि दुसऱ्या दिवशी इंजिन फिरतच नाही.

कोणता स्क्रू काय करतो?

कार्ब्युरेटरवर मुख्यतः तीन स्क्रू असतात. हाय स्पीड नीडल पूर्ण थ्रॉटलचे इंधन ठरवते, लो स्पीड नीडल सुरुवातीच्या आणि मधल्या थ्रॉटलचे, आणि आयडल स्क्रू थ्रॉटल सोडल्यावर कार्ब्युरेटर किती उघडा राहील ते. नीडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की इंधन कमी होते, म्हणजे मिश्रण लीन. उलट फिरवली की इंधन वाढते, म्हणजे रिच. मूळ जागा कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती लिहून ठेवावी. हरवल्यासारखे वाटले की तिथे परत येता येते.

नीडल एका वेळी घड्याळाच्या एका तासाइतकीच, म्हणजे पूर्ण फेरीचा बारावा भाग फिरवावी. एका वेळी एकच नीडल. दोन्ही एकदम फिरवल्या तर कशाचा परिणाम झाला ते कळत नाही, आणि मग दिवस संपेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर हातातून सुटत नाही.

जुळवणीचा क्रम कोणता?

आधी इंजिन गरम होऊ द्यावे. दोन-तीन मिनिटे ट्रॅकवर फिरवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. थंड इंजिन नेहमीच रिच वाटते, आणि तेव्हा नीडल आत घेतली की गरम झाल्यावर इंजिन लीन होते.

पहिल्यांदा हाय स्पीड नीडल. लांब सरळ भागात पूर्ण थ्रॉटल द्यावा. सायलेन्सरमधून निळसर-पांढऱ्या धुराची रेघ सतत दिसली पाहिजे. आवाज फुटका आणि गाडी जड वाटत असेल तर मिश्रण रिच आहे. एक तास आत घ्यावी. आवाज चिरका होऊन धूर दिसेनासा झाला, किंवा सरळ भागाच्या शेवटी वेग पडू लागला, तर लगेच बाहेर घ्यावी.

मग लो स्पीड नीडल. गाडी आठ-दहा सेकंद आयडलवर उभी ठेवून एकदम थ्रॉटल द्यावा. बराच धूर सोडत, गुरगुरत उठली तर रिच. धूर न सोडता दचकून बंद पडली तर लीन. थ्रॉटल सोडल्यावर फेऱ्या लगेच खाली न येता वरच रेंगाळत असतील, तर तेही लीनचे लक्षण. आणखी एक सोपी चाचणी म्हणजे आयडलवर असताना कार्ब्युरेटरजवळची इंधननळी बोटांनी दाबून धरणे. फेऱ्या थोड्या वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडले तर जुळवणी ठीक. ताबडतोब बंद पडले तर लीन, बराच वेळ चढत राहिले तर रिच.

शेवटी आयडल. लो स्पीड नीडल बदलली की आयडल बदलतेच, म्हणून ते सर्वात शेवटी.

तापमान किती असावे?

ग्लो प्लगजवळ इन्फ्रारेड मापकाने पाहिल्यास १०० ते १२० अंश सेल्सिअस ही सर्वसाधारण मर्यादा. पण तापमान हे लक्षण आहे, उद्दिष्ट नव्हे. मे महिन्याच्या दुपारी तेच इंजिन त्याच जुळवणीवर जास्त तापमान दाखवेल. गिअर जाम असतील किंवा क्लच घसरत असेल तरी इंजिन तापेल आणि दोष मात्र नीडलला दिला जाईल. धूर, आवाज आणि थ्रॉटलला मिळणारा प्रतिसाद ठीक असेल तर केवळ आकड्यासाठी नीडल हलवू नये.

लीन इंजिन इतके घातक का?

या प्रश्नाचे उत्तर समजले की निम्मी जुळवणी समजली. या इंजिनात इंधन तीन कामे करते : जळून ताकद देते, वाफ होताना इंजिन थंड करते आणि सोबत तेल आणून वंगण देते. नीडल आत घेतली की तिन्ही गोष्टी एकदम कमी होतात. ताकद मात्र सुरुवातीला वाढल्यासारखी वाटते, कारण रिच मिश्रणात जे इंधन न जळता बाहेर जात होते ते आता जळू लागते. गाडी पूर्वी कधी नव्हती इतकी पळते. मोह होतो तो याच क्षणी. थंडावा कमी, तेल कमी आणि जळण जास्त; एका टाकीत पिस्टनवर ओरखडे पडतात, घट्टपणा जातो आणि इंजिन गरम झाल्यावर पुन्हा सुरू होत नाही. रिच इंजिनाने शर्यतीत दोन-तीन सेकंद जातात. लीन इंजिनाने इंजिनच जाते.

ठाण्याच्या हवेचा परिणाम काय?

परदेशी पुस्तिकांतील सल्ला कोरड्या, थंड हवेचा विचार करून दिलेला असतो. ठाण्यात उन्हाळा-पावसाळ्यात हवा गरम आणि दमट. गरम हवा विरळ, आणि हवेतील बाष्प ऑक्सिजनची जागा अडवते. त्यामुळे इथे तेच इंजिन त्याच नीडलवर किंचित रिच चालते आणि थोडे आत घ्यावे लागते. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. धोका पुढे आहे.

ऑक्टोबरच्या दुपारी ३३ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असताना गाडी जुळवली, असे समजू. डिसेंबरच्या सकाळी २० अंश तापमान आणि निम्मी आर्द्रता असेल तर तेवढ्याच हवेत सुमारे सहा-सात टक्के अधिक ऑक्सिजन असतो. कार्ब्युरेटर याची पूर्ण भरपाई आपोआप करत नाही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नीट असलेले इंजिन डिसेंबरच्या सकाळी लीन होते. थंडीत इंजिन सुरक्षित असते, हा समज इथे महागात पडतो. महाविद्यालयीन महोत्सवांचा हंगामही नेमका हाच! थंड सकाळी पहिल्या टाकीपूर्वी हाय स्पीड नीडल एक-दोन तास बाहेर घेऊन सुरुवात करावी आणि ऊन चढेल तशी परत आत आणावी.

उंचीचा परिणामही असाच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्याने तिथली हवा ठाण्यापेक्षा सुमारे सहा टक्के विरळ. इथले इंजिन तिथे रिच होईल, ते एकवेळ चालेल. पण पुण्यात जुळवलेले इंजिन खंडाळ्याचा घाट उतरून आले की लीन होते. घाट उतरल्यावर नीडल बाहेर घेण्याची सवय ठेवावी.

दमट हवेत अव्वल स्पर्धा होत नाहीत असे नाही. एक अष्टमांश ऑफ-रोडची जागतिक स्पर्धा २००६ मध्ये जकार्तात आणि २०१० मध्ये थायलंडमधील पट्टायात झाली. दोन्ही ठिकाणची हवा आपल्या कोकणपट्टीसारखीच. तिथे उतरलेल्या संघांनीही रोजच्या हवेनुसार नीडल फिरवल्याच.

पावसाळ्यात इंधन खराब होते का?

होते. मेथनॉल हवेतील पाणी शोषून घेते. जुलैत कॅनचे झाकण अर्धा तास उघडे राहिले, तर त्या इंधनावर इंजिन कधी रिच, कधी लीन असे लहरीपणे चालते आणि मुलगा दिवसभर नीडल फिरवत बसतो. इंधन घट्ट झाकणाच्या, प्रकाश न जाणाऱ्या कॅनमध्ये ठेवावे. अर्धवट रिकामा कॅन पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. खेळ संपला की टाकी रिकामी करून इंजिन उरलेल्या इंधनावर बंद पडेपर्यंत चालवावे आणि कार्ब्युरेटर व ग्लो प्लगच्या छिद्रातून आफ्टर-रन तेलाचे चार थेंब घालून फ्लायव्हील फिरवावे. नाही तर मागच्या बेअरिंगला गंज चढतो आणि त्याचे कण थेट पिस्टनखाली जातात.

ग्लो प्लग काय सांगतो?

ग्लो प्लग हा इंजिनाचा जबाब असतो. काढून पाहिल्यावर तार चकचकीत आणि ओली असेल तर मिश्रण रिच. तार करडी, खडबडीत किंवा वाकडी झाली असेल तर लीन. तारेवर बारीक धातूचे कण चिकटले असतील तर आत काहीतरी झिजत आहे. इंजिन उघडून पाहावे. गरम हवा, मोठे इंजिन आणि जास्त नायट्रो यांसाठी 'कोल्ड' प्रकारचा प्लग, तर लहान इंजिन आणि थंड हवेसाठी 'हॉट' प्रकारचा. टर्बो प्लगची बैठक शंकूसारखी असते. साध्या हेडमध्ये तो बसत नाही. खरेदी करताना हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे.

जुळवणी बरोबर असूनही इंजिन बिघडते, ते का?

दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले धूळ. मातीत पळणाऱ्या गाडीचे फोमचे एअर फिल्टर तेल लावून बसवायचे असते आणि दर खेळानंतर धुवायचे किंवा बदलायचे असते. कोरडे फिल्टर माती अडवत नाही. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या जोडावरचा पट्टा सैल असेल तर फिल्टर असून नसल्यासारखेच.

दुसरे हवागळती. कार्ब्युरेटरच्या मुळाशी, मागच्या झाकणाला किंवा इंधननळीत बारीकशी फट असली की बाहेरची हवा आत जाते आणि इंजिन लीन होते. मग नीडल कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही. आयडल सतत वर-खाली होत असेल तर नीडलला हात लावण्यापूर्वी नळ्या आणि ओ-रिंग तपासाव्यात. नळी बदलण्याचा खर्च काही रुपयांचा असतो.

सुरक्षितता आणि कायद्याचे काय?

मेथनॉल हे विष आहे. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये मेथनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले होते. पोटात गेल्यास अंधत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. त्वचेतूनही ते शोषले जाते. इंधन भरताना हातमोजे घालावेत, तोंडाने नळी कधीही ओढू नये आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत इंधन कधीही ठेवू नये. मेथनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे पिटमध्ये भरपूर पाणी आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक हवा.

लोकलने सराव मैदानावर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की ज्वालाग्राही पदार्थ घेऊन रेल्वेने प्रवास करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. आवाजाचाही प्रश्न आहेच. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि नायट्रो इंजिन तिच्या कितीतरी पुढे जाते. सोसायटीच्या आवारात किंवा इमारतीच्या गच्चीवर इंजिन सुरू करणे म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेणे. मोकळे मैदान, मालकाची परवानगी आणि प्रेक्षकांपासून अंतर, या तीन गोष्टी जमल्या तरच खेळावे.

मग इलेक्ट्रिक गाडी का घेऊ नये?

जरूर घ्यावी, अनेकांसाठी तोच योग्य पर्याय आहे. ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरीच्या गाडीला रनिंग-इन लागत नाही, हवा बदलली म्हणून जुळवणी बदलावी लागत नाही आणि ती शेजाऱ्यांना त्रास देत नाही. ज्याला फक्त गाडी पळवायची आहे, आठवड्यातून एखादाच तास मिळतो आणि जवळ मोकळे मैदान नाही, त्याने नायट्रोच्या वाटेला जाऊ नये. ज्याला इंजिन का चालते आणि का बंद पडते हे हाताने समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी मात्र साडेतीन सीसीचे हे इंजिन उत्तम शिक्षक आहे. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर शिकलेली मेकॅनिकांची पिढी आवाज ऐकून मिश्रण सांगत असे. तो कान आज शिकायचा असेल तर साधने फार उरलेली नाहीत.

सुरुवात करणाऱ्याने पहिले काय करावे?

एक साधी वही घ्यावी. प्रत्येक खेळानंतर त्यात तारीख, वेळ, हवेचे तापमान, आर्द्रता, दोन्ही नीडलची जागा, ग्लो प्लगचा प्रकार, हेडचे तापमान आणि टाकी किती मिनिटे पुरली, एवढे लिहावे. हवामानाचे आकडे मोबाइलवर मिळतात. एक वर्षानंतर ही वही कोणत्याही पुस्तिकेपेक्षा उपयोगी ठरते, कारण ती आपल्या इंजिनाची आणि आपल्या हवेची असते. आणि शंका आली तर नीडल एक तास बाहेर घ्यावी. शर्यत संपेपर्यंत चालू राहिलेले इंजिनच शर्यत जिंकू शकते.